वाढदिवशी प्रवास वर्ज्य

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात एकाच पुरुषाचा जन्मदिवस वर्षातून दोनदा साजरा होतो. एकदा तारखेने, १९ फेब्रुवारीला. एकदा तिथीने, फाल्गुन वद्य तृतीयेला. याच चौकालगतच्या काळ्या चबुतऱ्यावर १८५७ मध्ये बंडवाल्या घोडेस्वारांना मृत्युदंड दिला गेला, म्हणून चौकाचं नाव क्रांती. आज त्याच जागी शहरातला सर्वांत मोठा वाढदिवस होतो, हा योगायोग काही लहान नाही. शिवाजी महाराजांचा आताचा उंच अश्वारूढ पुतळाही २०२२ मध्ये जयंतीच्या आदल्या रात्रीच खुला झाला. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली ही घटनांची जुनी कालनोंद प्रसिद्ध केली आणि त्यातल्या शके १५५१ च्या जन्मनोंदीवरून पुढे सगळा वाद झडला. त्यात १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची, आजच्या पद्धतीने मोजली तर तो १ मार्च १६३० भरतो, ही भर वेगळीच. चौकातला हा तिथी-तारखेचा वाद अजून मिटलेला नाही. घराघरांत मात्र तो कधीच, कुणाच्या लक्षातही न येता मिटला. पोराचा वाढदिवस तारखेनेच होतो. आणि पोराला वाढदिवसाला थीम पार्कला न्यायचं, हा जो बेत आज महिनाभर आधी आखला जातो, त्याचं मूळ केकमध्ये किंवा इंग्रजांच्या अनुकरणात शोधण्याआधी या मिटलेल्या वादात शोधायला हवं.

कारण वाढदिवस आपल्याकडे नवा नाही. नवा आहे तो वाढदिवसाचा प्रवास. कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये काशीत ‘निर्णयसिंधु’ लिहिला, आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये ‘धर्मसिंधु’ पुरा केला. महाराष्ट्रातल्या भिक्षुकीची दोन शतकं या दोन ग्रंथांवर चालली. निबंधकारांच्या या परंपरेत वर्षपूर्तीचा विधी तपशिलाने येतो: जन्मतिथीला अभ्यंगस्नान, मार्कंडेयाची आणि चिरंजीवांची पूजा, तीळ-गूळ घातलेलं दूध पिणं. त्यालाच जोडून निषेधांची यादी येते. त्या दिवशी नखं आणि केस कापू नयेत, भांडू नये, मांस खाऊ नये, हिंसा करू नये, आणि वाट चालू नये. म्हणजे प्रवास करू नये. वाढदिवस हा उंबरठ्याच्या आतला दिवस होता. आयुष्याचं एक वर्ष सरलं, पुढचं सुखरूप जावो, एवढीच त्या दिवसाची मागणी. ज्या काळात पाच वर्षांखालची कितीतरी मुलं दगावत, त्या काळात ती मागणी किती खरी होती ते समजतं. औक्षणाची सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन, कपाळी कुंकू आणि अक्षता हे सगळं त्याच भीतीतून आलेलं आहे.

यावर कुणी म्हणेल की हे नियम पोथी वाचणाऱ्या चार घरांचे. बाकीच्या मराठवाड्याने कमलाकर भट्टांचं नावही ऐकलं नव्हतं. बरोबर आहे. पण त्याने मुद्दा ढिला पडत नाही, उलट घट्ट होतो. पोथीबाहेरच्या घरांत वाढदिवस पाळण्याची रीतच बहुधा नव्हती, कारण तो कधी ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला’, ‘दुष्काळ पडला त्या साली’, एवढी नोंद आईच्या डोक्यात. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, बाप गप्प राहायचा, आणि गुरुजी रजिस्टरात सरळ १ जून टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि वयाचा हिशेब सोपा पडायचा. महाराष्ट्रात आज साठी-सत्तरी ओलांडलेली ‘एक जूनवाली’ माणसं गावोगाव सापडतात. ही सगळी मंडळी आपापल्या साली एकाच तारखेला निवृत्तीच्या वयाला पोचली. पोथीवाल्या घरात वाढदिवसाला घराबाहेर पडायचं नव्हतं आणि बिनपोथीच्या घरात वाढदिवसच नव्हता. दोन्हीकडून उत्तर एकच: लहान मुलाला वाढदिवसाला कुठे नेण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

मग लहान मुलाला नेत कुठे होते? न्यायचे, आणि मोठा घाट घालून न्यायचे. जावळाला. मूल पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षात असताना कुलदैवताला जायचं, तुळजापूरला, जेजुरीला, ज्याचं जे असेल तिथे. गाडी कुणाची, मुक्काम कुठे, नैवेद्य काय, सोयरे किती, सगळं आधी ठरायचं. मामाचा होकार आल्याशिवाय तर पान हलत नसे, कारण मूल बसणार मामाच्या मांडीवर. न्हावी पाण्याचा हात फिरवतो, मूल टाहो फोडतं, बऱ्याच घरांत आत्या ओच्यात केस झेलते, खाली पडू देत नाही. मग गुळगुळीत डोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं जातं आणि हुंदके देणाऱ्या मुलाच्या हातात देवळाबाहेरच्या दुकानातली पिपाणी दिली जाते. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वर्षपूर्तीच्या निषेधांत प्रवास आणि केस कापणं दोन्ही बसतात. त्यामुळे शास्त्राने चालणाऱ्या घरात जावळ वाढदिवशी येऊच शकत नव्हतं. वाढदिवस आणि मुलाचा प्रवास यांच्यात शास्त्रानेच भिंत घातली होती. आज थीम पार्कचा बेत आखताना जी धांदल दिसते, म्हणजे मामाची रजा, मोठी गाडी, डबा घ्यायचा की तिथेच खायचं, पोराची दुपारची झोप कधी, ती वाढदिवसाची नाही. ती जावळाची आहे.

आणि पार्कमध्ये जे पाहायचं ते जत्रेचं आहे. आकाशपाळणा विलायतेतून आला असं आपण धरून चालतो, कारण जॉर्ज फेरिसने १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोखंडी चक्र उभं केलं आणि त्याचं नाव त्याला चिकटलं. पण पिएत्रो देला वाले हा रोमचा प्रवासी १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ईदेच्या जत्रेत अशाच लाकडी चक्रात बसला होता आणि त्याचं त्याला भारी अप्रूप वाटलं होतं. त्या वेळी मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच आजचं शहर, वसवून पाचच वर्षं झाली होती. चक्र पूर्वेकडच्या जत्रांमधून पश्चिमेला गेलं आणि तिथून बोल्ट-मोटर लावून परत आलं, असं म्हणणं जास्त रास्त. क्रांती चौकातून अदालत रोडने बाबा पेट्रोल पंपाकडे गेलं की पलीकडे छावणीच्या अंगाला कर्णपुरा लागतो. मुघल दरबारातल्या बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाचा हा पुरा, इथे तुळजाभवानीचं देऊळ, आणि नवरात्रात नऊ दिवस शहर लोटतं अशी यात्रा. रहाटपाळणे, ब्रेकडान्स, मौत का कुआँ, फुगे, रेवड्या, आणि सकाळी अनवाणी दर्शनाला येणाऱ्या बायका. इथल्या मुलाने पहिला पाळणा बहुधा इथेच अनुभवलेला असतो, आणि तो कुणाच्याही वाढदिवसाचा नसतो. तो देवीचा असतो.

आता वाढदिवस आणि प्रवास यांच्यातली ती भिंत पडली कशी ते पाहू. पहिला धक्का कागदाचा. निजामाच्या काळातल्या या शहरात, म्हणजे औरंगाबादेत, एकाच गल्लीत चार कालगणना नांदत होत्या: पंचांगाची तिथी, हिजरी तारीख, सरकारी फसली सालाचे आजूर, दय, बहमन असे फारसी नावांचे महिने, आणि छावणीतली इंग्रजी तारीख. मुसलमान घरांत सालगिरह हा शब्द होताच. गिरह म्हणजे गाठ, दरवर्षी दोऱ्याला एक गाठ मारायची, त्यावरून तो आला. मुघल बादशहांची वाढदिवशी तुला व्हायची, ती औरंगजेबाने आपल्यापुरती बंद केली, हे या शहरात सांगायला हवं. १९४८ नंतर या सगळ्यांवर एकच ग्रेगोरियन तारीख बसली. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने ती दवाखान्यातून थेट महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वहीत नेली. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं आणि भिंतीवर तिथी व तारीख एका चौकोनात शेजारी बसल्या, पण आकडा मोठा होता तो तारखेचा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशाला जन्माचा दाखलाच ग्राह्य धरायचा असा नियम लागू झाला. एक जून रजिस्टरातून कायमचा गेला.

दुसरा धक्का पगाराचा. चिकलठाणा आणि पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी या शहरात पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी हातात पडणारा पैसा आणला. सिडकोने दोन खोल्यांची घरं आणली, ज्यांत पंधरा सोयरे मावत नाहीत. मूल एक किंवा दोन. देवीची तिथी साऱ्या गावाची असते आणि कंपनीच्या सुट्टीशी जुळेलच असं नाही. पोराची तारीख मात्र आपली असते, ती मागच्या-पुढच्या रविवारी ढकलता येते. इथे जावळाचा प्रवास आणि जत्रेचा पाळणा तिथी सोडून तारखेला येऊन चिकटले. बाजाराने हे ओळखलं हे खरं, पण बाजार मागाहून आला. देशातलं पहिलं मोठं करमणूक उद्यान, दिल्लीचं अप्पूघर, १९ नोव्हेंबर १९८४ ला उघडलं. त्याला नाव १९८२ च्या आशियाई खेळांच्या हत्तीचं, आणि दिवस इंदिरा गांधींच्या जयंतीचा. मुंबईला गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या मुलासाठी ते टीव्हीवरच्या जाहिरातीतलंच राहिलं. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, आणि क्रांती चौकापासून सुमारे तीनशे किलोमीटरवरचा तो पल्ला वाढदिवसाच्या बेतात बसू लागला.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जत्रा सगळ्यांची, पार्क पैसेवाल्यांचं. मग वारसा कसला? पाळण्याला कर्णपुऱ्यातही पैसे पडतात, असं म्हणून हा आक्षेप उडवता येणार नाही. तिथे पैसे पाळण्याला पडतात, पाहण्याला नाही. खिशात काही नसलेला बाप पोराला खांद्यावर बसवून दोन तास फिरवू शकतो आणि पोराच्या लेखी जत्रा झालेली असते. पार्कच्या दारातच पैसे घेतात, म्हणजे नुसत्या बघण्याचेही घेतात. तारखेने मुलाला त्याचा स्वतःचा दिवस दिला आणि त्या बदल्यात त्याच्याबरोबर उभी असणारी गावची पोरं काढून घेतली. या सौद्यात फायदा आहे, पण तोटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप हौशी आई-बापांवर असतो: दोन-तीन वर्षांच्या मुलाला यातलं काय आठवणार? पण जावळ तरी कुणाला आठवतं? पाचव्या वर्षापर्यंत संक्रांतीला बोरनहाण घालतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे ओततात. त्यातलं मुलाच्या ध्यानात राहतं ते इतर मुलांनी बोरं पळवली एवढंच. लहान मुलाचे सोहळे मोठ्यांसाठीच असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त एवढ्या लहान वयात पार्क मुलाला पुरतं सामावून घेत नाही, हे बेत आखणाऱ्याने समजून असावं. पाळण्यापाशी रंगीत उंचीची पट्टी उभी असते. छातीवर ‘बर्थडे बॉय’चा बिल्ला लावलेलं पोर तिच्याशी टाच उचलून उभं राहतं, तिथला माणूस तळहाताने टाच खाली दाबतो, आणि बोटभर कमी पडलं की बाजूला करतो. ज्या तारखेसाठी तीनशे किलोमीटर आले, ती तारीख तिथे कुणी विचारत नाही.

म्हणून ज्याचं मूल अजून त्या पट्टीला पोचत नाही, त्याने खोपोली दोन-तीन वर्षं लांबवावी आणि पैठणचा विचार करावा, पन्नासेक किलोमीटरवर. म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर नाथसागराच्या पायथ्याशी बांधलेलं ज्ञानेश्वर उद्यान मधली बरीच वर्षं दुर्दशेत गेलं, त्यामुळे निघण्याआधी ते उघडं आहे का याची चौकशी करून घ्यावी. पण धरण कायम आहे, गोदावरीचा घाट कायम आहे, एकनाथांचा वाडा कायम आहे. आणि वाढदिवशी वाट चालू नये असं सांगणाऱ्या ‘निर्णयसिंधु’कारांचं घराणंही मूळचं पैठणचंच, त्यांचे पणजोबा रामेश्वर भट्ट तिथूनच काशीला गेले. पैठणला एसटी जाते, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिच्यात तिकीट पडत नाही.