रानवाटांचे धनी

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची मंडळी श्रीवर्धनला येतात. समुद्र पाहतात, हरिहरेश्वराचे दर्शन घेतात आणि रोठा सुपारी बांधून घेऊन परततात. अलीकडे मात्र त्यांच्यातली काही तरुण मुले पाठीवर पिशवी अडकवून समुद्राकडे पाठ फिरवतात आणि डोंगराची वाट विचारू लागतात. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. आमच्या भागाचा अर्धा इतिहास समुद्रावर घडला हे खरे. पण उरलेला अर्धा रानात आणि रानातल्या पायवाटांवर घडला आहे.

कोकणातली पायवाट कोणी हौसेने पाडलेली नसते. मीठ, सुकी मासळी, नारळ घाटावर न्यायचे आणि तिकडून धान्य आणायचे, या गरजेपोटी बैलांच्या आणि माणसांच्या पावलांनी ती मळली. गावात जांभ्या दगडाची पाखाडी, वाड्या संपल्या की पाणंद, पाणंद संपली की रान. सृष्टिसौंदर्य पाहायला म्हणून त्या वाटेने पूर्वी कोणी जात नसे. डोक्यावर ओझे असले म्हणजे नजर पायाशीच असते.

अशा वाटा तुडवीत गेलेला आमचा सर्वांत थोर गावकरी म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट. श्रीवर्धनची देशमुखी भटांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेली. पण मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस सिद्दीशी बिनसले आणि भटांना घरदार सोडावे लागले. दक्षिणेला बाणकोटची खाडी ओलांडून ते वेळासच्या भानू मंडळींकडे गेले आणि पुढे घाट चढून देशावर आले, असे परंपरा सांगते. १७१३ साली शाहू महाराजांनी याच बाळाजींना पेशवेपदाची वस्त्रे दिली. ज्या भानूंनी साथ दिली, त्यांच्याच घराण्यात पुढे नाना फडणीस जन्मले. जीव वाचवण्यासाठी धरलेली वाट कोठवर जाते, हे चालणाऱ्याला त्या वेळी थोडेच ठाऊक असते!

बाळाजींचे चिरंजीव बाजीराव यांनी १७३३ साली जंजिऱ्यावर मोहीम काढली. तरीही अखेरीस श्रीवर्धन सिद्दीच्याच राज्यात राहिले, ते १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. या राज्यकर्त्यांनी आपल्या शिकारीसाठी एक मोठे रान राखून ठेवले होते. तेच आजचे फणसाड. दिघीहून जंगलबोटीने खाडी उतरून आगरदांड्याला जावे, मुरूड मागे टाकावे आणि सुपेगावाच्या बाजूने आत शिरावे. अंजनी, ऐन, किंजळ, जांभूळ यांची दाटी लागते. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड होऊन झाडावरून झाडावर गेलेले दिसतात. शेकरू डोक्यावरून उडी मारून जाते, ते आधी ऐकू येते आणि मग दिसते. रानात जिथे बारमाही पाणी टिकते, त्या जागेला इकडे ‘गाण’ म्हणतात. जुन्या वाटा बहुधा अशा गाणींकडेच वळतात. जनावरांच्याही आणि माणसांच्याही.

शिकारीचे रान म्हटले की तेथे रयतेच्या कुऱ्हाडीला मज्जाव आला. इंग्लंडात विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास असेच एक शिकारीचे रान राखले. त्याच्या जाचाच्या कहाण्या तिकडे शतकानुशतके सांगितल्या गेल्या आणि आज त्याच रानात लोक मुलाबाळांसह फिरायला जातात. फणसाडचेही तसेच झाले. राजाचा शौक गेला, रान उरले. १९८६ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

पण रान राखायला राजाच लागतो असे मात्र नाही. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावाची हकिगत त्या दृष्टीने फार मोलाची आहे. गावाची एक जुनी देवराई होती. भोवतालचे डोंगर उघडे पडत गेले, तरी देवीच्या धाकाने राईतली काटकीही कोणी उचलत नसे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही राई तोडीसाठी नेमली गेली. गावकऱ्यांनी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याकडे धाव घेतली. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी येऊन राई पाहिली. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते. आमचा ओढा या राईतून निघतो. राई गेली तर पाणी गेले. शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला आणि राई वाचली. देवराया म्हणजे निव्वळ भाबडेपणा, असे मानणाऱ्या सुशिक्षितांना या खेडुतांनी शहाणपणाचा धडा दिला. देवी आणि पाणी या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

वाचकहो, ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्यांच्या वाड्या पडल्या त्यांच्या दुःखाला पार नव्हता. पण पोफळीचे रोप लावले तर पाच-सात वर्षांनी तरी त्याला सुपारी धरते. देवराई अशी कोणाला लावता येत नाही. ती आजा-पणजांनी न तोडता आपल्या हाती ठेवलेली असते.

म्हणून या सुट्टीत आलात, तर मुलांना घेऊन अवश्य चाला. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करा. डोंगराच्या कड्याखालून, लाटांच्या शेजारून जाणारी ती वाट ओहोटी असेल तेव्हाच धरा. फणसाडला जाल तर वनखात्याची परवानगी आणि एक स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. देवराईच्या कडेला पोचलात तर गावात आधी विचारा, मग पायातल्या वहाणा काढा आणि आत जा. या वाटांचे धनी बदलत आले. कधी नवाब, कधी देवी, कधी सरकार. पण वाट खरोखर जिवंत राहते ती रोज तिच्यावरून पाण्याला जाणाऱ्या माणसांमुळे. त्यांना रामराम करून पुढे जावे.