कडक म्हणजे वेगवान?
आपण एक समजूत धरून बसलोय, की गाडी पळवायची तर सस्पेन्शन कडकच हवं. इतिहास काय सांगतो पाहू. १९६२ साली इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘एलान’ आणली. स्प्रिंगा मऊ, शॉकअब्सॉर्बर मात्र नेमके जुळवलेले. कारण टायर जमिनीला टेकलेला असेल तरच पकड मिळते. खड्ड्यावरून उडालेलं चाक ना गाडी वळवतं, ना थांबवतं. पुढे शर्यतीसाठी याच गाडीची ‘२६ आर’ निघाली, तिचं सस्पेन्शन कडक केलं, कारण ट्रॅक गुळगुळीत. एकच गाडी, रस्ते दोन, उत्तरंही दोन. म्हणून स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवण्याआधी आपण आपला रोजचा रस्ता आठवावा. तिथे ब्रेक लागायला हवेत.