वाहिनी बदलताना पडदा काळा का राहतो?

रिमोटवर आकडा दाबावा आणि तीन, चार, प्रसंगी सहा सेकंद काळ्या पडद्याकडे पाहत बसावे, हा अनुभव सेट टॉप बॉक्स वापरणाऱ्या बहुतेक घरांत परिचयाचा आहे. क्रिकेटचा सामना आणि बातम्या यांच्यात ये-जा करणाऱ्याला तो विशेष जाचतो. गोंदिया जिल्ह्यातील आमगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तर बॉक्स किंवा संच बिघडला असे समजून तो गोंदियाला न्यायचा म्हटले, की एक दिवस मोडतो आणि तपासणीचे पैसेही जातात. पुष्कळदा दोष ना संचात असतो, ना बॉक्समध्ये. तो या दोघांच्या जोडणीत असतो आणि घरबसल्या दूर करता येतो. त्यासाठी विलंब नेमका कोठे होतो, हे आधी ओळखावे लागते.

थोडा विलंब हा डिजिटल प्रक्षेपणाचा स्वभावच आहे. अ‍ॅनालॉग केबलच्या काळात प्रत्येक वाहिनी स्वतंत्र वारंवारतेवर, उघड्या स्वरूपात घरापर्यंत येत असे. संचाने ती वारंवारता पकडली, की चित्र दिसे. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली. मुंबई व अन्य महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२, नागपूर-पुण्यासह ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ आणि ग्रामीण भागासाठी वाढवून दिलेली ३१ मार्च २०१७ अशा मुदती होत्या. चित्र सुधारले, वाहिन्यांची संख्या वाढली. बटण दाबताच चित्र येण्याची सोय मात्र गेली.

बॉक्सला प्रत्येक वेळी करावे लागणारे काम पाहिले, तर हे का झाले ते कळते. डिजिटल पद्धतीत एकाच वारंवारतेवर अनेक वाहिन्या, एकाच गाडीला डबे जोडावेत तशा येतात. बॉक्स आधी गाडी गाठतो, मग प्रवाहासोबत येणाऱ्या सूचीतून आपला डबा शोधतो. सशुल्क वाहिनी कुलूपबंद असते. तिची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, ती उलगडण्याचा अधिकार बॉक्सला किंवा त्यातील कार्डाला तपासून घ्यावा लागतो. कुलूप उघडले तरी चित्र लगेच उमटत नाही. भारतात दर सेकंदाला २५ चौकटी दाखविल्या जातात. परंतु जागा वाचावी म्हणून प्रत्येक चौकट पूर्ण पाठविली जात नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या काळात केवळ त्यातील बदल, असा हा प्रवाह असतो. प्रेक्षक मध्येच दाखल झाला, तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत बॉक्सला थांबावे लागते. ते अर्ध्या सेकंदात येईल किंवा दोन सेकंदांनी, हे प्रक्षेपकाने ठरविलेले असते. घरातील कोणत्याही बटणाने त्यात फरक पडत नाही.

हे सारे मिळून साधारण दीड ते तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ लागत असेल, तर तक्रार करण्यासारखे काही नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या कुलूपबंद नसल्याने तेथे किल्लीची पायरी वाचते. त्यामुळे शेजारच्या घरी फुकटची डिश चपळ आणि आपला पैसे भरून घेतलेला बॉक्स मंद, असे दृश्य दिसले तर आश्चर्य वाटू नये.

पडद्याकडे नीट पाहावे

तीन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर वाहिनी बदलताना पडद्यावर काय घडते याचे निरीक्षण करावे. वाहिनीचा क्रमांक व नाव दाखविणारी बॉक्सची पट्टी ही येथे मुख्य खूण आहे.

पट्टी ताबडतोब उमटते, पण तिच्यामागचे चित्र रेंगाळते, असे असेल तर बॉक्सला आज्ञा वेळेत पोहोचली आहे. अडचण संदेशात किंवा कुलूप उघडण्यात आहे. पट्टीच उशिरा येत असेल, तर रिमोट किंवा खुद्द बॉक्स मंदावला आहे. आणि पट्टीसह संपूर्ण पडदा काळा होऊन, क्षणभर संचाचीच 'नो सिग्नल' अशी सूचना किंवा कोपऱ्यात '१०८०' किंवा '५७६' असा आकडा झळकत असेल, तर बॉक्स आणि संच यांच्यातील एचडीएमआय जोडणी प्रत्येक वेळी तुटून नव्याने जुळते आहे.

हा तिसरा प्रकार सर्वाधिक फसवा असतो. साध्या वाहिन्यांचे चित्र ५७६ ओळींचे, तर एचडी वाहिन्यांचे बहुधा १०८० ओळींचे असते. बॉक्सच्या मांडणीत चित्राचा आकार 'ऑटो', 'नेटिव्ह' किंवा 'ओरिजिनल' असा ठेवलेला असेल, तर साध्या वाहिनीवरून एचडी वाहिनीवर जाताना बॉक्स आपले उत्पादन बदलतो. संच जुना संकेत सोडतो, नवा ओळखतो, त्यानंतर नक्कल रोखण्यासाठी असलेल्या एचडीसीपी पद्धतीनुसार दोन्ही यंत्रे एकमेकांची ओळख पुन्हा पटवून घेतात. यात आणखी दोन-चार सेकंद सहज जातात. विशेष म्हणजे एका साध्या वाहिनीवरून दुसऱ्या साध्या वाहिनीवर जाताना हा त्रास होत नाही. म्हणून तो कधी होतो, कधी होत नाही, असे वाटते आणि दुरुस्ती करणाऱ्यासमोर तर नेमका होत नाही.

उपाय एका मिनिटाचा आहे. बॉक्सच्या मेन्यूत 'सेटिंग्ज'मधील 'व्हिडिओ' किंवा 'डिस्प्ले' या भागात जाऊन चित्राचा आकार एकच ठरवून द्यावा. एचडी संचासाठी १०८०आय, तो नीट न दिसल्यास ७२०पी निवडावा. वारंवारता विचारल्यास ६० ऐवजी ५० हर्ट्झ ठेवावी, कारण भारतीय प्रक्षेपण त्याच मापाचे आहे. मग सर्व वाहिन्या त्या एकाच आकारात रूपांतरित होऊन बाहेर पडतात आणि संचाला पुन्हा ओळख करून घेण्याची गरज उरत नाही. बॉक्सला ध्वनिवर्धक जोडलेला असल्यास आवाजाची निवडही 'ऑटो' न ठेवता 'पीसीएम' ठेवून पाहावी. डॉल्बी आणि साधा आवाज यांच्या अदलाबदलीतही असाच खंड पडतो.

एवढे करूनही शंका राहिली, तर बॉक्स काही वेळ पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरने जोडून पाहावा. चित्र थोडे धूसर दिसेल. परंतु त्या मार्गाने वाहिन्या झटपट बदलल्या, तर दोष एचडीएमआयच्या वायरीत, छिद्रात किंवा वरील मांडणीत आहे हे निश्चित झाले. वायर किंवा छिद्र बदलावे. नवा संच घेण्याचे कारण नाही.

संदेश, उष्णता आणि रिमोट

काहीच वाहिन्या मंद आणि बाकीच्या ठीक, असे असेल तर संदेशाकडे वळावे. बहुतेक बॉक्सच्या मेन्यूत 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' असे दोन आकडे दिसतात. त्यांपैकी दुसऱ्याला महत्त्व द्यावे. त्रास देणाऱ्या वाहिन्यांवर तो आकडा खाली असेल, तर त्या वारंवारतेवरील 'गाडी' बॉक्सला चटकन गाठता येत नाही. एकाच वायरीवर दोन संच चालविण्यासाठी बसविलेला स्प्लिटर प्रत्येक फांदीला निम्म्याहून कमी शक्ती देतो. आधीच दुबळा असलेला संदेश तेथेच ढासळतो. गच्चीवरील उघडे जोड पावसाळ्यात गंजतात. धानाच्या पट्ट्यातील पावसाचे दिवस लक्षात घेता, डिशच्या एलएनबीत किंवा केबलच्या जोडात शिरलेले पाणी ही पूर्व विदर्भातील पहिली शंका असावी. तो जोड कापून नवा बसविणे, हे केबलचालकाचे दहा मिनिटांचे काम आहे.

बॉक्सच मंदावला असेल, तर तो गरम झाला आहे का ते पाहावे. विणलेला रुमाल किंवा प्लॅस्टिकचे आवरण घालून बॉक्स झाकण्याची हौस अनेक घरांत असते. उष्णता बाहेर जाण्याची छिद्रेच त्यामुळे बंद होतात. वायर काढून एक मिनिटाने पुन्हा जोडल्यास साठलेली स्मृती रिकामी होते. मात्र रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय असेल, तर सुटका नाही: सकाळी बॉक्स सारे पुन्हा जुळवितो आणि बॉक्स स्टँडबायवर असताना येणारी सुधारित प्रणालीही चुकू शकते. 'फॅक्टरी रीसेट' अखेरीस करावा. त्यात आवडत्या वाहिन्यांची यादी आणि मांडणी पुसली जाते.

रिमोटचे सेल बदलणे सर्वांना ठाऊक असते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की एक-दोन आकडे दाबल्यावर बॉक्स पुढील आकड्याची वाट पाहत थांबतो. क्रमांक पूर्ण दाबावा किंवा लगेच 'ओके' दाबावे. वर-खाली बटणाने जाणाऱ्यांच्या वाटेत फेब्रुवारी २०१९ पासूनच्या निवडक वाहिन्यांच्या दरपद्धतीमुळे न घेतलेल्या वाहिन्याही येतात आणि प्रत्येकीवर बॉक्स अधिकार तपासत थांबतो. 'फेव्हरिट' यादीत घरात पाहिल्या जाणाऱ्या पंधरा-वीस वाहिन्या टाकल्या, की हा वळसा संपतो.

हे सर्व करूनही विलंब कायम राहिला, तर सेवा देणाऱ्याच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अवश्य घ्यावा. केवळ 'बॉक्स स्लो आहे' असे सांगू नये. कोणत्या वाहिन्यांवर, किती सेकंद, 'क्वालिटी'चा आकडा किती आणि एव्ही वायरीवर काय दिसले, एवढे सांगितल्यास येणारा तंत्रज्ञ योग्य सामान घेऊन येतो. बॉक्स भाड्याचा की विकतचा आणि त्याची हमी शिल्लक आहे का, हे पावतीवर आधी पाहून ठेवावे. बदलीच्या खर्चाची बोलणी त्यावरूनच होतात.