जैनाबादचा आहूखाना

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे जुनें औरंगाबाद, आणि बऱ्हाणपूर हीं मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचीं दोन प्रमुख ठाणीं. बऱ्हाणपुरास तापी ओलांडली कीं पलीकडे जैनाबाद लागतें. तेथें शाहजाद्यांच्या मृगयास्थानाचे भग्न अवशेष आहेत. त्याचें नांव आहूखाना. ‘आहू’ म्हणजे हरिण. मराठींत ज्याला रमणा म्हणतात तेंच हें. अकबराचा पुत्र दानियाल यानें तो उभारला असें सांगतात. या शाहजाद्याला बंदुकीचा विलक्षण षोक, आणि १६०५ सालीं त्याचा घात झाला तोहि बंदुकीनेंच. मात्र गोळीनें नव्हे! मद्याची मनाई असतां सेवकांनीं तें त्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळींतून चोरून आणलें, असें जहांगीरानें आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे.

१६३१ च्या जून महिन्यांत मुमताजमहल बऱ्हाणपुरास बाळंतपणांत वारली. तिचें पहिलें दफन जैनाबादच्या याच बागेंत झालें. सहा महिन्यांनीं शव आग्र्यास नेण्यांत आलें. तिचा पुत्र औरंगजेब त्या वेळीं बारा वर्षांचा होता.

पुढें १६५३ च्या सुमारास दख्खनचा सुभेदार म्हणून तो पुन्हा या बागेंत आला. मावशीच्या परिवारांतील हिराबाई नांवाच्या गायिकेनें शाहजाद्याची भीड न धरितां उडी मारून आंबा तोडला, आणि तो तिच्यावर लुब्ध झाला. ही हकीकत ‘मआसिर-उल्-उमरा’ या ग्रंथांत आहे. ‘अहकाम-इ-आलमगिरी’त तर तिला पाहतांच तो मूर्च्छित पडल्याचें वर्णन आहे! त्यापेक्षां आंब्याची गोष्ट अधिक पटण्याजोगी. ‘मआसिर’चा कर्ता शाहनवाजखान हा औरंगाबादेंतच राहणारा, काळानें शंभर वर्षें मागाहूनचा असला तरी शहरांतल्या जुन्या आठवणी त्याच्या कानांवर आल्या असाव्यात.

हिराबाई ऊर्फ जैनाबादी ऐन तारुण्यांत औरंगाबादेस वारली. १६५७ त निवर्तलेल्या दिलरसबानूचा मकबरा साऱ्या जगाला ठाऊक आहे; जैनाबादीची कबर मोठ्या तळ्याजवळ असल्याची नोंद तेवढी आढळते. ती गेल्यावर शाहजादा शिकारीस निघाला. अशा मनःस्थितींत शिकार कसली, असें मीर अस्करीनें एकांत साधून विचारलें. घरांत आक्रोश करून जीव हलका होत नाहीं, रानांत मात्र मनसोक्त रडतां येतें, अशा अर्थाचें उत्तर औरंगजेबानें दिलें.