दोन बिटांचा निरोप: पडघा, 12 ऑक्टोबर 2020

शनिवार, 10 ऑक्टोबर. दोन दिवस आधी

मुंबई जेवढी वीज वापरते तेवढी ती स्वतःच्या आणि आसपासच्या संचांतून तयार करत नाही. ट्रॉम्बे आहे, डहाणू आहे, खोपोली-भिवपुरी-भिरा इथले टाटांचे जुने जलविद्युत संच आहेत. तरी मोठा वाटा बाहेरून येतो. 2020 साली त्यासाठी 400 केव्हीच्या ज्या वाटा होत्या, त्यांतल्या मुख्य चार. दोन पडघ्याहून कळव्याला जाणाऱ्या, तर दोन पुणे-तळेगावच्या बाजूने घाट उतरून कळवा-खारघरकडे येणाऱ्या. कळवा आणि खारघर ही मुंबईच्या दारातली उपकेंद्रं. 400 केव्हीची वाहिनी तेव्हा खुद्द शहरात शिरतच नव्हती.

शनिवारी पुण्याकडची एक वाहिनी बंद पडली. चारातली एक गेली.

वीजजाळ्याची आखणी एका साध्या नियमावर चालते: कोणताही एक घटक गेला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. शनिवारी हा नियम पाळला गेला, कुठे दिवासुद्धा फडफडला नाही. पण त्या क्षणापासून जाळं आपली शिल्लक वापरत होतं. पुढचा घटक पडण्याआधी पहिला दुरुस्त तरी व्हायला हवा होता, नाहीतर शहराचा भार तरी उतरायला हवा होता. माझ्या मते या घटनेची उलटी गिनती इथून सुरू होते. सोमवारी सकाळी दहापासून ती मोजणं चुकीचं आहे.

रविवार, 11 ऑक्टोबर

सुट्टीचा दिवस, त्यात कोरोनाचा काळ. कार्यालयं बंद, मागणी कमी.

मुंबई-नाशिक महामार्गाने जाणाऱ्याला पडघा आठवतो तो टोलनाक्यामुळे, नाहीतर आजूबाजूला वाढत गेलेल्या गोदामांमुळे. वीजवाल्यांसाठी मात्र पडघा हे महाराष्ट्राच्या नकाशावरचं फार मोठं नाव आहे. चंद्रपूरहून निघालेली एकदिश प्रवाहाची ±500 केव्हीची वाहिनी 752 किलोमीटर कापून इथे उतरते. क्षमता 1500 मेगावॉट, 1999 पासून चालू. विदर्भातल्या कोळशावर तयार झालेली वीज सगळं राज्य ओलांडून भिवंडी तालुक्यातल्या या गावाशी येते, इथे तिचं पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर होतं आणि ती कोकणपट्टीच्या जाळ्यात मिसळते. पडघ्याला झालेला बिघाड कधीच पडघ्यापुरता राहत नाही, तो यामुळे.

सोमवार, 12 ऑक्टोबर. पहाटे साडेचारच्या सुमारास. साडेपाच तास बाकी

पडघा-कळवा वाहिनीचं पहिलं सर्किट सुटलं. चारातली दुसरी गेली. दुरुस्तीचं काम निघालं आणि त्या बाजूचा सगळा भार दुसऱ्या सर्किटवर आला.

अशा वेळी उपकेंद्रात नेमकं काय होतं, ते इथे थांबून पाहायला हवं. ब्रेकर उघडतो. त्याच्या संपर्काला जोडलेली आरटीयू नावाची पेटी तो बदल टिपते आणि राज्य भार प्रेषण केंद्राला कळवते. आपल्याकडे ते कळव्याला आहे. ही पेटी ज्या भाषेत बोलते ती जुनी आहे: आयईसी 60870-5-101, 1995 सालचा प्रोटोकॉल. 1200 किंवा 9600 बॉडच्या सिरियल जोडणीवर, टेलिफोनच्या भाड्याच्या तारेवरसुद्धा चालावा म्हणून काटकसरीने बेतलेला. ब्रेकरची स्थिती त्यात फक्त दोन बिटांत मावते. 01 म्हणजे उघडला, प्रवाह तुटला. 10 म्हणजे जोडलेला. 00 म्हणजे अजून मधल्या अवस्थेत, आणि 11 आलं तर वाचनावर विश्वास ठेवायचा नाही. मागोमाग सात बाइटांचा वेळेचा शिक्का येतो, मिलिसेकंदापासून वर्षापर्यंत. कोणतं सर्किट कोणाच्या आधी सुटलं हे चौकशीत ठरवता येतं ते असल्या शिक्क्यांच्या बळावर.

2000 साली त्याचं 104 हे भावंड आलं. निरोप तोच, फक्त टीसीपी-आयपीच्या पाकिटात घातलेला, 2404 क्रमांकाच्या पोर्टवर. देशातल्या उपकेंद्रांत हे दोन्ही बराच काळ शेजारी-शेजारी नांदले. जुनी आरटीयू 101 बोलते, वरचं जाळं आयपीचं झालेलं असतं आणि मधे राउटर बसतो. त्या राउटरची जुळणी हे चिकाटीचं काम आहे. सिरियल पोर्टवर आठ डेटा बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट. पुढे स्टेशनचा पत्ता एका बाइटचा की दोन, निरोपाचं कारण एका बाइटात की दोन, मोजमापाचा पत्ता एक, दोन की तीन बाइटांचा, हे सगळं दोन्ही टोकांना सारखं असावं लागतं. 101 मध्ये ही मापं ज्याने त्याने आपापली ठरवलेली असतात, 104 मध्ये ती पक्की आहेत: दोन, दोन आणि तीन. एक माप चुकलं तरी पोर्टचा दिवा हिरवाच जळत राहतो, पिंग जातं, आणि कळव्याच्या पडद्यावर त्या वाहिनीचा आकडा मात्र येत नाही किंवा गोठून राहतो. गोठलेला आकडा रिकाम्या चौकटीपेक्षा घातक, कारण तो पाहणाऱ्याला सगळं ठीक असल्याचं सांगतो. म्हणून जाणता अभियंता जोडणी झाल्यावर आधी 'जनरल इंटरोगेशन' पाठवतो, म्हणजे आरटीयूला तिच्याजवळचं सगळं नव्याने सांगायला लावतो, आणि उपकेंद्रातल्या माणसाला फोन करून एकेक वाचन ताडून घेतो.

या दोन्ही प्रोटोकॉलांत मुळात पासवर्ड नाही. आज्ञा देणारा खरोखर भार प्रेषण केंद्रच आहे की दुसरं कोणी, हे विचारायची सोय नाही. याचं महत्त्व पुढे येतं.

असे निरोप सेकंदांत पोहोचतात. पहाटे साडेचारला सुटलेल्या सर्किटची खबर पुढच्या साडेपाच तासांपेक्षा कितीतरी वेगाने धावणारी होती.

सकाळी सात ते साडेनऊ. शेवटचे तीन तास

सोमवारचा दिवस उजाडला. घराघरांत गिझर, मिक्सर, पाण्याचे पंप. ऑक्टोबरचा उकाडा, म्हणून वातानुकूलन यंत्रं. घरूनच काम करणाऱ्यांचे संगणक. मुंबईचा भार पहाटे सर्वांत खाली असतो आणि अकरापर्यंत चढत जातो. इकडे वाटा कमी झालेल्या आणि तिकडे मागणी वाढत चाललेली.

सगळ्या घटनाक्रमातले हे तास मला सर्वांत जास्त बोचतात. या वेळात करण्याजोगं बरंच होतं. ट्रॉम्बे आणि जलविद्युत संचांची निर्मिती वाढवता येते. जलविद्युत संच तर मिनिटांत भार उचलतात. तेही पुरत नसेल तर काही भागांत आळीपाळीने तासभर वीज बंद ठेवता येते. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना भारनियमनाची सवय वर्षानुवर्षं होती, विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ती आजही आहे. मुंबईला नाही. मुंबईची वीज ठरवून तोडायची म्हणजे मंत्रालयापासून प्रत्येक वृत्तवाहिनीवर उत्तर द्यायची तयारी हवी. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं जाळं कोसळलं, साठ कोटींच्या घरात लोकांची वीज गेली, तरी मुंबई उजळलेली राहिली होती. अशा शहरावर चार उपनगरांचा अंधार ठरवून लादण्याचं धाडस खुर्चीतल्या अभियंत्याने करायचं असेल, तर त्याच्या हातात तसा लेखी अधिकार आणि पाठीवर वरिष्ठांचा हात लागतो.

सकाळी दहाला काही मिनिटं कमी

पडघा-कळवा दुसरं सर्किट गेलं. पुढे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी जाहीरपणे सांगितलं ते असं: पहिल्या सर्किटची दुरुस्ती चालू असताना भार दुसऱ्यावर होता आणि त्यात तांत्रिक बिघाड झाला.

पडघ्याची वाट आता पूर्ण बंद. तिथला भार उरलेल्या वाहिन्यांवर धावला. त्या आधीच भरलेल्या होत्या. वाहिनीवर क्षमतेबाहेर प्रवाह आला की संरक्षण रिले तिला तोडतो, कारण तारा वितळण्यापेक्षा सुटलेल्या बऱ्या. पण प्रत्येक सुटलेली वाहिनी आपला भार शेजारणीच्या डोक्यावर टाकून जाते. माणसाने फोन उचलेपर्यंत रिलेंचा कारभार आटोपलेला असतो.

10 वाजून 5 मिनिटं

मुंबई बाहेरच्या जाळ्यापासून तुटली.

याच प्रसंगासाठी शहराजवळ अनेक दशकांची आयलंडिंग व्यवस्था होती. बाहेर गोंधळ झाला की मुंबईने स्वतःला अलग करायचं, कमी महत्त्वाचा भार आपोआप सोडायचा आणि आतल्या निर्मितीवर जगायचं. रुग्णालयं, रेल्वे, पाणीपुरवठा चालू ठेवायचे. असल्या व्यवस्थेची मुख्य खूण म्हणजे फ्रिक्वेन्सी. सगळं जाळं ढासळू लागलं की फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून खाली घसरते आणि त्यावरून धोका ओळखता येतो. पण त्या सकाळी देशाचं जाळं धडधाकट होतं. फ्रिक्वेन्सी घसरावी असं बाहेर काही घडलंच नव्हतं. मुंबईच्या वाटा तुटत होत्या आणि घड्याळ ठीक वेळ दाखवत होतं. शहर तुटलं तेव्हा आतल्या निर्मितीच्या मानाने भार इतका मोठा उरला होता की फ्रिक्वेन्सी एकदम कोसळली. 47.5 हर्ट्झच्या आसपास वाफेच्या टर्बाइनची पाती धोक्यात येतात, म्हणून संच स्वतःला वाचवायला बंद होतात. एक संच बंद झाला की उरलेल्यांचा तुटवडा वाढतो.

दोन हजार मेगावॉटहून जास्त भार अंधारात गेला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचे बरेच भाग. लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठीच चालत होत्या, म्हणजे अडकलेल्यांत परिचारिका होत्या, पालिकेचे कामगार होते. काही जण रुळांवरून चालत निघाले. मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षांत अडथळा आला. पालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी रुग्णालयांना किमान आठ तासांचं डिझेल हाताशी ठेवायला सांगितलं. अतिदक्षता विभाग कोरोनाच्या रुग्णांनी भरलेले होते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या जिवाची मदार त्या डिझेलवर होती. मला या घटनेत सर्वांत भयानक वाटतं ते हे. शेअर बाजार नेहमीसारखा चालू राहिला, ते बातम्यांत फार ठळक आलं.

साडेदहा ते साडेबारा

पूर्ण बंद पडलेलं जाळं एका कळीने उठत नाही. औष्णिक संच सुरू करायलाही बाहेरून वीज लागते. जलविद्युत संचाला ती जवळपास लागत नाही, पाणी सोडलं की चाक फिरतं. 1915 साली खोपोलीत सुरू झालेल्या जलविद्युत व्यवस्थेचा उपयोग शंभर वर्षांनंतरही होता तो असा. टाटा पॉवरने आपले तीन जलविद्युत संच आणि ट्रॉम्बेचे संच पुन्हा सुरू करत असल्याचं कळवलं. अदानी इलेक्ट्रिसिटी डहाणूहून सुमारे 385 मेगावॉट अत्यावश्यक सेवांना देत असल्याचं सांगत होती. रेल्वेच्या ओव्हरहेड तारांत वीज आधी आणली गेली आणि साडेबारापर्यंत लोकल हळूहळू हलू लागल्या. काही उपनगरांना मात्र रात्रीची वाट पाहावी लागली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले.

1 मार्च 2021. साडेचार महिन्यांनंतर

आदल्या दिवशी अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीचा अहवाल आला. 'रेडएको' असं नाव दिलेल्या, चीनशी जोडल्या गेलेल्या एका गटाने भारतीय वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं होतं आणि त्यांत पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रं होती. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असं त्या अहवालातच होतं. गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देऊन 14 ट्रोजन हॉर्स आणि 8 जीबी बेहिशेबी माहितीचा उल्लेख केला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी घातपात नाकारला. कारण मानवी चूक, असं त्यांचं म्हणणं.

सायबर हल्ल्याची भीती खोटी नाही. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये सव्वादोन लाखांच्या घरात ग्राहकांची वीज तोडली गेली. सिरियल जोडणी इथरनेटवर नेणाऱ्या उपकेंद्रांतल्या पेट्यांचं फर्मवेअर हल्लेखोरांनी मोडून टाकलं, म्हणजे दुरून ब्रेकर परत जोडताच येऊ नयेत. पुढच्या डिसेंबरात कीवच्या उत्तर उपकेंद्रावर जे मालवेअर चाललं, ते 101 आणि 104 हे प्रोटोकॉल स्वतःच बोलत होतं. कुलूपच नव्हतं, तोडणार काय? असली जुनी जोडणी चालवणाऱ्या प्रत्येक उपकेंद्राला हे लागू आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती उशिरा का होईना, आवश्यकच होती.

तरीही 12 ऑक्टोबरच्या बाबतीत परक्या हस्तकाचा शोध जितका गाजला, तितके साडेचार ते दहामधले तास गाजले नाहीत. चारातल्या दोन वाटा गेल्यावर कोणत्या फीडरचा भार कोणी, कोणाला न विचारता, किती मिनिटांत उतरवायचा, ही यादी प्रत्येक पाळीच्या टेबलावर सहीशिक्क्यासह असली पाहिजे. फ्रिक्वेन्सीची वाट न पाहता वाहिन्यांच्या ब्रेकरची स्थिती पाहून शहर वेळेत अलग करणारी व्यवस्था असली पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती तेवढीच, दोन बिटांची.

ऑक्टोबर 2023 मध्ये खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी चालू झाली आणि या दाबाची वीज पहिल्यांदा मुंबईच्या हद्दीत आली. आणखी हजार मेगावॉट आणण्याची सोय झाली. पडघ्याच्या शेजारच्या वाडा तालुक्यातून, कुडूसहून आरेपर्यंत, एकदिश प्रवाहाची 1000 मेगावॉटची आणखी एक वाट आखली गेली. सुमारे 80 किलोमीटर लांब, आणि त्यातली बरीचशी जमिनीखालून.