मेडिकेअर : रुग्णालयोत्तर सेवा आणि गृहशुश्रूषा

मेडिकेअर ही अमेरिकेच्या संघ शासनाची आरोग्य विमा योजना आहे. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेले नागरिक, दीर्घकाळ अपंगत्व आलेल्या काही व्यक्ती आणि मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण यांना तिचा लाभ मिळतो. रुग्णालयातील उपचारांबरोबरच रुग्णालयातून सोडल्यानंतरची शुश्रूषा आणि घरी येऊन दिली जाणारी वैद्यकीय सेवा यांचा खर्चही ही योजना काही अटींवर उचलते. मात्र हा विमा उपचारांचा आहे, सांभाळाचा नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा उपचारतज्ज्ञ यांची गरज असेपर्यंतच तो पैसे देतो. वृद्धापकाळातील दैनंदिन मदत त्याच्या कक्षेबाहेर राहते.

रचना

योजनेचे चार भाग आहेत. ‘अ’ भागात रुग्णालय, रुग्णालयोत्तर शुश्रूषा केंद्र, गृहशुश्रूषा आणि मरणासन्न रुग्णांची सेवा येते. ‘ब’ भागात डॉक्टरांचे शुल्क, बाह्यरुग्ण सेवा व वैद्यकीय उपकरणे येतात. ‘क’ भागात शासनाकडून मोबदला घेऊन खासगी कंपन्या हेच लाभ देतात. त्याला ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ म्हणतात. ‘ड’ भाग औषधांचा आहे. ‘अ’ भागाचा निधी मुख्यतः वेतनावरील करातून उभा राहतो. कर्मचारी व मालक प्रत्येकी वेतनाच्या १.४५ टक्के रक्कम भरतात. ‘ब’ भागासाठी लाभार्थी मासिक हप्ता देतात आणि उरलेला बहुतांश खर्च सर्वसाधारण करउत्पन्नातून भागतो.

इतिहास

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स येथे या कायद्यावर स्वाक्षरी केली. योजना १ जुलै १९६६ पासून सुरू झाली, तर रुग्णालयोत्तर शुश्रूषा केंद्रांतील सेवेचा लाभ १ जानेवारी १९६७ पासून मिळू लागला. महागड्या रुग्णालयात रुग्ण आवश्यकतेपेक्षा अधिक दिवस राहू नये, त्याने कमी खर्चाच्या ठिकाणी बरे व्हावे, हा या लाभामागील हेतू होता. रुग्णालयातील वास्तव्याची पूर्वअट त्यातूनच आली.

गृहशुश्रूषेसाठीही आरंभी ‘अ’ भागात अशीच अट होती आणि भेटींच्या संख्येवर मर्यादा होती. १९८० च्या कायद्याने या दोन्ही गोष्टी रद्द झाल्या. १९८८ च्या कायद्याने शुश्रूषा केंद्रासाठीची अटही काढली. पण वाढीव करामुळे असंतोष उसळून तो कायदा पुढच्याच वर्षी मागे घेण्यात आला आणि जुनी अट परत आली. कोविड साथीच्या काळात, मार्च २०२० ते मे २०२३ या अवधीत, ती तात्पुरती शिथिल होती.

शुश्रूषा केंद्रातील सेवा

शस्त्रक्रिया, पक्षाघात किंवा गंभीर आजारानंतर रुग्णाला प्रशिक्षित परिचारिकांची देखरेख अथवा नियमित फिजिओथेरपी लागत असेल, तर त्याला शुश्रूषा केंद्रात ठेवले जाते. पारंपरिक मेडिकेअरमध्ये त्यासाठी पुढील अटी आहेत.

रुग्ण रुग्णालयात सलग किमान तीन दिवस अंतर्रुग्ण म्हणून दाखल असला पाहिजे. घरी सोडण्याचा दिवस यात मोजला जात नाही. रुग्णालयातून निघाल्यावर सामान्यतः ३० दिवसांच्या आत केंद्रात प्रवेश घ्यावा लागतो. केंद्र मेडिकेअरमान्य असावे लागते आणि सेवेची गरज त्याच आजाराशी निगडित असावी लागते.

एका लाभकालात जास्तीत जास्त १०० दिवसांची सेवा मिळते. पहिल्या २० दिवसांचा सर्व खर्च मेडिकेअर करते. २१ व्या ते १०० व्या दिवसापर्यंत रुग्णाला दररोज ठरावीक रक्कम भरावी लागते. २०२५ साली ती २०९.५० डॉलर होती. म्हणजे त्या वर्षी ४० दिवस केंद्रात राहिलेल्या रुग्णाच्या वाट्याला ४,१९० डॉलर, तर पूर्ण १०० दिवस राहिलेल्याच्या वाट्याला १६,७६० डॉलर येत. १०० दिवसांनंतर सर्व खर्च रुग्णाचा असतो. अनेक लाभार्थी या रकमेसाठी खासगी पूरक विमा घेतात.

सलग ६० दिवस रुग्ण रुग्णालयात किंवा शुश्रूषा केंद्रातील अशा सेवेखाली नसेल, तर लाभकाल संपतो. त्यानंतर तो पुन्हा दाखल झाल्यास नवे १०० दिवस उपलब्ध होतात. मात्र तीन दिवसांची अट पुन्हा पूर्ण करावी लागते. १०० दिवस ही कमाल मर्यादा आहे, हक्काची मुदत नव्हे. प्रशिक्षित सेवेची गरज विसाव्या दिवशी संपली, तर लाभही त्याच दिवशी थांबतो.

निरीक्षणाखालील रुग्ण

तीन दिवसांच्या अटीतील सर्वांत वादग्रस्त मुद्दा ‘अंतर्रुग्ण’ या शब्दाचा आहे. डॉक्टरांच्या औपचारिक आदेशानेच रुग्ण अंतर्रुग्ण ठरतो. तसा आदेश नसल्यास तो वॉर्डातील खाटेवर झोपलेला, सलाइन लावलेला असला, तरी नोंदीत ‘निरीक्षणाखालील बाह्यरुग्ण’ असू शकतो. असे दिवस या तीन दिवसांत धरले जात नाहीत. त्यामुळे चार रात्री रुग्णालयात काढलेल्या वृद्धेलाही शुश्रूषा केंद्राचा संपूर्ण खर्च स्वतः करावा लागू शकतो. उपचार तेच आणि खाटही तीच असताना कागदावरील एका शब्दाने हजारो डॉलरचा फरक पडतो.

यावर उपाय म्हणून २०१५ साली कायदा झाला. २४ तासांहून अधिक काळ निरीक्षणाखाली असलेल्या रुग्णाला त्याची लेखी व तोंडी सूचना देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. परंतु सूचना मिळाल्याने लाभ मिळत नाही. आधी अंतर्रुग्ण म्हणून दाखल करून नंतर वर्ग बदललेल्या काही रुग्णांना न्यायालयीन लढ्यानंतर २०२५ पासून अपिलाचा मार्ग खुला झाला आहे. मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या योजना तीन दिवसांची अट माफ करू शकतात. मात्र त्यांत बहुधा कंपनीची पूर्वमंजुरी लागते. २०२३ पासून निम्म्याहून अधिक पात्र लाभार्थी अशा योजनांत आहेत.

गृहशुश्रूषा

घरी मिळणाऱ्या सेवेसाठी आधी रुग्णालयात दाखल होण्याची गरज नाही. रुग्ण ‘गृहबद्ध’ असणे, त्याला अधूनमधून प्रशिक्षित परिचर्या, फिजिओथेरपी किंवा वाचोपचार लागणे, डॉक्टर अथवा अधिकृत वैद्यकीय व्यावसायिकाने प्रत्यक्ष तपासून सेवेचा आराखडा मंजूर करणे आणि सेवा मेडिकेअरमान्य संस्थेने देणे, या तिच्या अटी आहेत. ही तपासणी सेवा सुरू होण्यापूर्वी ९० दिवसांत किंवा नंतर ३० दिवसांत व्हावी लागते. दर ६० दिवसांनी गरजेचे नव्याने प्रमाणन होते.

गृहबद्ध म्हणजे अंथरुणाला खिळलेला नव्हे. दुसऱ्याच्या किंवा काठी, वॉकर, चाकाची खुर्ची अशा साधनाच्या आधाराशिवाय ज्याला बाहेर पडता येत नाही, किंवा प्रकृतीमुळे ज्याने बाहेर पडणे योग्य नाही, आणि ज्याला घर सोडण्यासाठी मोठे कष्ट पडतात, तो गृहबद्ध मानला जातो. डॉक्टरांकडे जाणे, प्रार्थनास्थळी जाणे किंवा क्वचित थोडा वेळ बाहेर पडणे यांमुळे पात्रता जात नाही.

पात्र रुग्णाला या सेवेसाठी काहीही भरावे लागत नाही. रुग्णशय्या, वॉकर यांसारख्या उपकरणांसाठी मात्र ‘ब’ भागाची वार्षिक वजावट पूर्ण झाल्यावर मान्य दराच्या २० टक्के रक्कम द्यावी लागते. आंघोळ घालणे, कपडे बदलणे यांसाठी मदतनीसही मिळते, पण प्रशिक्षित सेवा चालू असेपर्यंतच. परिचारिका व मदतनीस यांचा एकत्रित वेळ सामान्यतः दिवसाला ८ तास आणि आठवड्याला २८ तास यांपेक्षा अधिक असू शकत नाही. प्रत्यक्षात मिळणारा वेळ याहून बराच कमी असू शकतो. जानेवारी २०२० पासून गृहशुश्रूषा संस्थांना ३० दिवसांच्या कालखंडासाठी, रुग्णाच्या स्थितीनुसार ठरलेली एकत्रित रक्कम दिली जाते.

सुधारणेची अट आणि जिम्मो खटला

रुग्णाच्या प्रकृतीत सुधारणा होत नाही, असे कारण देऊन अनेक वर्षे सेवा बंद केल्या जात. स्मृतिभ्रंश, कंपवात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस यांच्या रुग्णांना याचा विशेष फटका बसे. ‘जिम्मो विरुद्ध सेबेलियस’ या खटल्यातील तडजोडीला जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाची मान्यता मिळाली. प्रकृती आहे तशी राखण्यासाठी किंवा ऱ्हास मंदावण्यासाठी प्रशिक्षित सेवा आवश्यक असल्यास ती मेडिकेअरच्या कक्षेत येते, हे त्यात स्पष्ट झाले. म्हणून ‘आता सुधारणा नाही’ एवढेच कारण नकारासाठी पुरेसे नाही.

न मिळणाऱ्या सेवा

चोवीस तासांची देखभाल, घरपोच जेवण, घरकाम आणि केवळ दैनंदिन गरजांसाठी लागणारी मदत यांचा खर्च पारंपरिक मेडिकेअर करत नाही. वृद्धनिवासातील दीर्घकालीन वास्तव्यही त्यात येत नाही. हा भार बचत, खासगी विमा किंवा मेडिकेड यांवर पडतो. मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटासाठी संघ व राज्य शासनांनी मिळून चालवलेली वेगळी योजना आहे. तिच्या पात्रतेसाठी उत्पन्न आणि मालमत्ता ठरावीक मर्यादेत असावी लागते. त्यामुळे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना आयुष्यभराची पुंजी खर्च झाल्यावरच तिचा आधार मिळतो. लाभार्थ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च वसूल करण्याची तरतूदही आहे.

अपील

शुश्रूषा केंद्रातील किंवा घरची सेवा थांबवण्यापूर्वी सामान्यतः किमान दोन दिवस लेखी सूचना द्यावी लागते. सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत अर्ज केल्यास स्वतंत्र परीक्षण संस्था तातडीने निर्णय देते. ही मुदत अल्प असल्याने सूचनेवरील तारीख त्वरित पाहणे महत्त्वाचे ठरते.

भारतीय स्थलांतरित ज्येष्ठ

अमेरिकेत मुलांकडे स्थायिक झालेल्या मराठी आणि अन्य भारतीय ज्येष्ठांना ही योजना आपोआप लागू होत नाही. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीत सुमारे दहा वर्षे हा कर भरला गेला असेल, तर ‘अ’ भाग हप्त्याशिवाय मिळतो. तसे नसल्यास ६५ वर्षांवरील कायम रहिवाशाला सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर तो विकत घेता येतो. २०२५ साली त्याचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता. मुलांनी भरलेल्या करामुळे आईवडिलांना सामान्यतः हा हक्क मिळत नाही. भारतात घेतलेल्या उपचारांचा किंवा शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर देत नाही.