न्यायासनाची कुळकथा

खानदेशातल्या सुवार्तिक मंडळ्यांत न्यायाचे दिवस दोन मानण्याची शिकवण चांगली मुरलेली आहे. अविश्वासणाऱ्यांचा निवाडा अगदी शेवटी, मोठ्या पांढऱ्या राजासनापुढे. विश्वासणाऱ्यांचा त्याआधी, ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे. तिथे तारणाचा प्रश्नच निघत नाही, तो क्रुसावर मिटलेला. हिशोब होतो तो केलेल्या सेवेचा, आणि मिळतं ते प्रतिफळ. धुळ्याच्या देवपुरातला कॅथलिक शेजारी मात्र असं मानत नाही. त्याच्या लेखी मरणानंतर ज्याचा त्याचा न्याय, आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र.

दोन न्यायांची ही मांडणी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी आणि त्याच्या ब्रदरन मंडळींनी ती ठसठशीत केली, आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांनी घरोघर नेली. फ्रेड्रिक फ्रॅन्सन हा स्वीडिश-अमेरिकन उपदेशक प्रभूच्या पुनरागमनाच्या विचाराने इतका झपाटलेला, की १८८१ मध्ये त्याने शिकागोत त्याच विषयावर परिषद भरवली. १८९० मध्ये त्याने स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. पुढे हेच मिशन ही शिकवण घेऊन पश्चिम खानदेशात आलं. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि धुळे पश्चिमेचं ठाणं ठरलं, तो हा काळ. १९४९ मध्ये मिशनने नाव बदलून ‘टीम’ केलं.

आसन स्वतः मात्र मिशनहून, डार्बीहून कितीतरी जुनं, आणि चक्क दगडी. करिंथच्या बाजारचौकात रोमन अधिकाऱ्यासाठी संगमरवराने मढवलेला, माणसाच्या डोक्याहून उंच चौथरा होता. अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी तो खणून काढला, आजही पाहता येतो. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला विरोधकांनी धरून नेलं ते गल्लियोच्या न्यायासनापुढे. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे त्याचा कारभार इसवी सन ५१-५२ च्या आसपासचा ठरतो. पौलाने बोलायला तोंड उघडलं तोच गल्लियोने फिर्याद झटकून टाकली: तुमच्या धर्मशास्त्राची भांडणं तुम्हीच निस्तरा. चारपाच वर्षांनी त्याच शहरातल्या मंडळीला पौल लिहितो, आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभं राहायचं आहे. चौथरा रोज डोळ्यांपुढे असलेल्या लोकांना आणखी काय समजवायचं?

येशूला शिक्षा सुनावताना पिलातही अशाच आसनावर बसला होता, मूळ ग्रीकमध्ये त्यालाही करिंथच्या न्यायासनाचाच शब्द आहे. आरोपी म्हणून ज्याला आसनाखाली उभं केलं, तोच पौलाच्या पत्रात आसनावर बसतो. माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात धारदार भाग हाच, आणि प्रवचनांत तोच हमखास निसटतो.

निसटतो, कारण उपदेशकांना दुसरं चित्र सोयीचं पडतं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत आणि विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीचा वेढा मिळे. पौल त्याच्याशी तुलना करून न सुकणाऱ्या मुकुटाची गोष्ट सांगतो. याकोबाच्या पत्रातला जीवनाचा मुकुट, पेत्राच्या पत्रातला गौरवाचा, तीमथ्याला कळवलेला नीतिमत्त्वाचा, असे सगळे गोळा करून पाच मुकुटांची यादी झाली. मग न्यायासनही खेळाच्या पंचांचं झालं: यात्रेतल्या दंगलीत पंच जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, हरलेल्याला कुणी तुरुंगात टाकत नाही, तसं. भीती गेली, हे खरं. पण करिंथचा तो चौथरा कचेरीचा होता, आखाड्याचा नव्हे, आणि पौल तिथे बऱ्याबरोबर वाईटाचाही हिशोब मांडतो.

करिंथकरांनाच आधी पाठवलेल्या पत्रात तो बांधकामाचं उदाहरण देतो. कुणी पायावर सोनं, रुपं, मौल्यवान पाषाण रचतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा. आगीने पारख होते. ज्याचं काम टिकलं त्याला वेतन. ज्याचं जळालं तो स्वतः वाचतो, पण आगीतून बाहेर पडल्यासारखा. कॅथलिक परंपरेने याच आगीत शुद्धिस्थानाचा आधार पाहिला, प्रॉटेस्टंटांनी तो नाकारला. तरी पेंढ्याचं काय करायचं हा पेच दोघांनाही सुटलेला नाही. पाच मुकुटांवर रंगात आलेलं प्रवचन या ओळींपाशी आलं की उपदेशकाचा आवाज जरा सावध होतो.